सवतीचं सोनं

माझ्या साखरपुड्याच्या अंगठीचं सोनं निवडायला आम्ही तिघी गेलो होतो. मी, माझी आई आणि होणाऱ्या सासूबाई. चौथी पण होती, पण ती मेलेली. चौथी म्हणजे ह्यांची पहिली बायको. कावीळ होऊन गेली, पोरबाळ काही नाही.

ऐंशी सालानंतरचे ते दिवस. मी सत्तावीस उलटलेली, रंगाने काळी, त्यात तोंडाने फटकळ. लांज्याकडच्या आमच्या गावात माझ्यासाठी कुणी राजपुत्र रांग लावून उभा नव्हता. रत्नागिरीत सरकारी नोकरी, घर स्वतःचं, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, असं बिजवराचं स्थळ सांगून आलं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. मी विचारलं, "आणि ती पहिली?" आई म्हणाली, "ती गेली गो बाय. आता तिचं काय?"

तिचं काय, ते मला सोनाराच्या दुकानात कळलं.

एरवी आमच्यात मुलीला काही सोनाराकडे नेत नाहीत. बोटाचं माप दोऱ्याने घेऊन पाठवतात, झालं. पण मी हट्टच धरला की सोनं मी बघणार. जन्मात एकदा बोटात अंगठी यायची, ती कशाची ते मला कळायला नको? सकाळच्या एसटीने आम्ही मायलेकी उतरलो. सासूबाई स्टँडवर उभ्याच होत्या, काखेत छत्री, हातात पिशवी. बाजारातल्या एका बोळातल्या दुकानात त्यांनी आम्हाला नेलं. गादीवर बसलो, पाणी झालं, आणि सासूबाईंनी पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढून सोनारापुढे सोडली.

आत दोन बांगड्या होत्या. तांबूस, जाड, आतल्या बाजूने झिजलेल्या.

"एकीची अंगठी होईल," सासूबाई म्हणाल्या, "आणि दुसरीतून टाक."

कुणाच्या बांगड्या हे मला कुणी सांगायला नको होतं. बांगडीचा वाटोळा आकार एका बाजूला जरा दबलेला होता. उजव्या हातातली असणार. पाटावरवंटा करताना दबली असेल. माझ्या डोळ्यांपुढे तो हात आला, मनगटासकट, आणि अंगाचा नुसता तिळपापड झाला.

टाकाचं मला ठाऊक होतं. बिजवराशी लग्न करायचं तर सवतीचा टाक गळ्यात बांधावा लागतो. नखाएवढा सोन्याचा पत्रा, त्यावर बाईचं चित्र उठवलेलं. ती बाई म्हणजे पहिली. तिचा मान राखायचा. हळदकुंकू आधी तिला, मग आपल्याला. नवं लुगडं आणलं तर आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. म्हणजे ती घरावर रुसत नाही, नवीच्या संसारात खोड काढत नाही. टाकाला मी तयार होते. रीतच ती, कुणाला सुटली आहे? पण अंगठीसुद्धा तिचीच?

मी म्हटलं, "टाक तिच्या सोन्याचा करा हवा तर. अंगठी मला नव्या सोन्याची पाहिजे."

आईने खालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. सोनार समजूतदारपणे हसला. त्याने काळी कसोटी पुढे ओढली, एक बांगडी तिच्यावर घासली आणि शेजारी नव्या सोन्याचा तुकडा घासला. दोन रेघा उठल्या. एक तांबूस, एक पिवळी धमक. काळ्या दगडावर दोघी शेजारी शेजारी.

"बांगडीत तांबं जास्त आहे," तो म्हणाला. "पण अंगठीला हेच बरं. कामाच्या हाताला टिकेल. हे नवं मऊ. वाकेल, झिजेल."

"वाकू दे," मी म्हटलं. "माझं वाकेल."

"अगो, सोन्याला काय जुनं नि नवं? वितळलं की सगळं एकच," सासूबाई म्हणाल्या.

"मग नवंच वितळवा ना."

आईचं तोंड एवढंसं झालं. मोडतंय बहुतेक लग्न, असं तिच्या मनात आलं असणार, आणि माझ्याही आलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यात नकटी स्वतःच सतराशे एकावं. पण मी नजर खाली घातली नाही. बाईचा सगळा संसार मी घेत होते. तिचं घर, तिची चूल, तिचा नवरा. एक बोटभर जागा मला माझी नको?

सासूबाईंनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं हो. तुझ्या मनासारखं. अंगठी नव्याची, टाक जुन्याचा." सोनाराने मान डोलावली आणि माझ्या बोटाला दोरा लावला. आम्ही पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो, तर सासूबाई छत्री विसरल्या म्हणून परत आत गेल्या. बराच वेळ लागला. मला तेव्हा काय त्याचं? मी जिंकले होते.

साखरपुड्याला अंगठी आली ती अशी झगझगीत पिवळी की मी तिच्याकडेच बघत राहिले. ह्यांनी मात्र बघितलं नाही. खाली मान घालून माझं बोट धरलं, अंगठी सरकवली आणि सुटल्यासारखा हात मागे घेतला. दुसऱ्यांदा करतोय, त्याला काय नवाई, असं म्हणत माझ्या मनाने तिथेच पहिला फणा काढला.

लग्न लागलं आणि टाक गळ्यात पडला. त्यानंतरची वर्षं कशी गेली ते माझं मला माहीत. घरात तिचा फोटो नव्हता, पण जिथे हात घालावा तिथे ती. परसातली जास्वंद तिने लावलेली. मेली बारा महिने फुलायची, आणि मी लावलेली अबोली दोनदा जळली. शेजारीण कुंपणावरून सांगायची, "ती बांगड्याचं तिखलं काय करायची गो! वास रस्त्यापर्यंत." मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. मी माशाचं तिखलं केलं की हे मुकाट्याने जेवायचे. बरं झालंय म्हणायचे नाहीत, वाईट झालंय म्हणायचे नाहीत. मी ताटाकडे बघत बसायची आणि मनात म्हणायची, आठवतेय ना? आठवा, आठवा.

त्यांनी तिचं नाव कधी काढलं नाही. त्याचाच जास्त राग यायचा. नाव काढलं असतं तर भांडता आलं असतं.

कधी कधी हे माझ्या गळ्याकडे बघायचे. नवऱ्याने बायकोच्या गळ्याकडे बघावं ह्यात काय आहे? पण माझ्या गळ्यात मी एकटी होते का? तेव्हापासून मी टाक उलटा करून ठेवायला लागले. तिचं तोंड माझ्या छातीकडे. बघ म्हटलं माझ्या आत, काय दिसतं ते. सासूबाईंच्या लक्षात आलं की त्या पुढे येऊन दोन बोटांनी टाक सुलटा करायच्या. त्यांची पाठ वळली की मी परत उलटा. आमच्या दोघींचा हा खेळ कित्येक दिवस चालला होता, तोंडाने एक शब्द न बोलता.

अंगठी तेवढी माझी. कुणी काही बोललं, कुणी तिचं कौतुक केलं की मी अंगठीवर अंगठा फिरवायची. भांडी घासताना काढायची नाही, मासे धुताना काढायची नाही. राखेने, काथ्याने तिचा रंग उतरत चालला होता, पण वापरातली वस्तू म्हटल्यावर उतरणारच, असं म्हणून मी सोडून द्यायची.

अशात एका वर्षी गौरी यायच्या होत्या. आदल्या दिवशी दुपारी मी रिठे भिजत घातले आणि अंगावरचं सोनं धुवायला परसदारी बसले. सोनं ते काय, कुड्या, मंगळसूत्राच्या वाट्या, अंगठी आणि टाक. वाटीत सगळं एकत्र बुडवलं, जुन्या ब्रशने घासलं आणि पांढऱ्या फडक्यावर उन्हात मांडलं.

हळदकुंकवाचं वर्षानुवर्षांचं पुट निघालं, तर टाक पिवळा धमक होता. अंगठी तांबूस होती.

मी पहिल्यांदा म्हटलं, नीट घासली नाही. परत घासली. जितकी घासली तितकी तांबडी निघाली. मग मला काळ्या कसोटीवरच्या दोन रेघा आठवल्या, शेजारी शेजारी. मग छत्री आठवली. तळपायाची आग मस्तकात गेली.

सासूबाई माजघरात विळीवर नारळ खवत होत्या. मी फडकं तसंच्या तसं त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. म्हटलं, "हे काय?"

त्यांनी एक नजर टाकली. खवणं थांबवलं नाही. "कळलं तर तुला," म्हणाल्या. "वर नव्या सोन्याचा मुलामा दिलेला सोनाराने. एवढी वर्षं टिकला तेच नशीब."

"तुम्ही कबूल केलं होतंत. सोनाराच्या देखत."

"केलं होतं. नि मग परत जाऊन फिरवलं. तुझ्या मनासारखं करायचं तर तिच्या मनाचं काय?" आता त्यांनी नारळाची वाटी खाली ठेवली. "अगो, दोन्ही जुन्याची होती तोवर ठीक. तुला नवं नि तिला तिचंच वितळवून द्यायचं? ती काय म्हणेल, माझंच मला? नवं लुगडं आणलंस तर आधी कुणाला लावतेस? नवं ते आधी तिचं. मेल्या माणसाला उष्टं देत नाहीत."

"आणि मला?"

"तू जिवंत आहेस," सासूबाई म्हणाल्या. "जिवंत माणसाला जुनं चालतं."

मी फडकं उचललं आणि परसात आले. म्हणजे ज्या सोन्यासाठी मी भर दुकानात आईला मान खाली घालायला लावली, ते इतकी वर्षं माझ्या गळ्यातच होतं, फक्त त्यावर तोंड तिचं होतं. आणि जी अंगठी मी माझी माझी म्हणून गोंजारत होते, ती तिची बांगडी. तिच्यावर जळून जळून मी अंगठा फिरवायची तो तिच्यावरच. काय म्हणावं ह्याला! मेली मरूनसुद्धा नवं सोनं घेऊन गेली.

संध्याकाळी हे ऑफिसातून आले. पायावर पाणी घेतलं, पडवीत बसले. मी चहा ठेवला आणि त्याच्या बाजूला अंगठी आपटली. "घ्या. तुमच्या बायकोची आहे."

"काय झालं?"

मी सगळं सांगितलं. जोरात सांगितलं, शेजारणीला ऐकू जाईल असं. छत्रीपासून रिठ्यापर्यंत सगळं. ह्यांना ठाऊक असणार, आपल्या आईला सामील असणार, असंच मी धरून चालले होते. पण मी बोलत असताना त्यांचं तोंड बदलत गेलं. त्यांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी चहा बाजूला सारला, अंगठी उचलली आणि उठून दारापाशी उजेडाला गेले.

साखरपुड्याला ज्या अंगठीकडे त्यांनी ढुंकून बघितलं नव्हतं, ती आता तळहातावर घेऊन बघत उभे राहिले.

"तिच्या बांगडीची?" त्यांनी विचारलं. मला नाही. कुणालाच नाही.

मग म्हणाले, "सैल व्हायच्या तिला. शेवटी शेवटी हात उचलला की कोपरापर्यंत जायच्या."

माझ्या देखत त्यांनी तिच्याबद्दल उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. ज्याची मी इतकी वर्षं वाट बघत होते, भांडायला. तोंडाशी दहा शब्द आले होते. पण ह्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता, आणि तो चेहरा माझ्यासाठी कधीच झाला नव्हता, हेही मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

ते परत येऊन बसले. "हात दे," म्हणाले.

"नको मला ती. टाका विहिरीत."

"हात दे गो."

मी दिला. का दिला ते विचारू नका. त्यांनी माझं बोट धरलं, घाई न करता, आणि पेरावर अडली तिथे थांबून, जरा फिरवून अंगठी बसवली. बसवल्यावरही हात सोडला नाही. आत सासूबाईंची खवणी पुन्हा सुरू झाली होती. चहा गार झाला.

त्यानंतर जेवणं झाली की पडवीत बसायची ह्यांना सवय लागली, आणि बसले की माझा हात हातात घ्यायची. डावा. अंगठीचा. मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला बसून बघितलं, उजवा हात पुढे करून बघितला. हे माझ्यावरून हात घालून डावाच शोधायचे. अंगठा अंगठीवरून फिरत राहायचा, मी फिरवायची तसाच.

तो हात कुणाचा म्हणून धरतात, हे मी ह्यांना कधी विचारलं नाही. आणि मी, एवढी फटकळ, हात कधी सोडवूनही घेतला नाही.