एक दिवसाआड

मला नवापूरच्या पोल्ट्रीत टिकवलं ते सुपरवायझर ताईंनी. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात माझी चूक आहे, आणि ती वाचल्यावर तुम्ही माझ्याकडेच बघत बसाल. मला त्यांच्याकडे बघायला हवं आहे.

त्यांचं नाव लिहीत नाही. सासरी कुणी वाचलं तर त्यांना त्रास नको. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, मी ताई म्हणायचे. डबा उघडला की ताई पोटावर तळहात ठेवायच्या, दुसऱ्या हाताने डबा आमच्याकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "मन्हं जेवण व्हई गयं. तुम्ही खा."

कधी झालं, कुठे झालं, कुणी पाहिलं नव्हतं.

मी हिंगोली जिल्ह्यातली. गावात सातवीपर्यंतच शाळा होती, म्हणून माझीही तेवढीच झाली. लग्नानंतर नवऱ्याला इथे खाद्याच्या गोडाऊनमध्ये काम लागलं आणि त्याच्या मागे मी आले. फार्मच्या आतच राहायचं, रोग आत येऊ नये म्हणून बाहेर फारसं जायचं नाही, शेडमध्ये शिरण्याआधी आंघोळ करून फार्मचे कपडे घालायचे. इथली बोली कळेना. कुणी काही बोललं की मला आपलं वाटायचं, आता काढून टाकतात. पहिल्या आठवड्यात मी पाण्याच्या टाकीमागे बसून रडत होते, तिथे ताई आल्या.

"रडस कसाले, येडी?"

मी म्हटलं, "काई न्हाई बाई, डोळ्यात तूस गेलं."

"दोन्ही डोळास्मा?" त्या हसल्या. खाली बसल्या, डबा उघडला. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कच्च्या तेलाची धार. मी दीड भाकरी खाल्ली. त्या बघत होत्या. अशा बघत होत्या की मला लाजच वाटली.

"कशी लागनी? सांग ना."

"चांगली हाय."

"चांगली म्हंजे कशी? मिरची बराबर भाजेल शे का? धूर लागस का जराखा?"

मला वाटलं, बाईंना स्वयंपाकाचं कौतुक आहे. नंतर लक्षात आलं, त्या आमच्या तोंडाने जेवत होत्या.

त्यांचं गाव सारंगखेड्याजवळ, तापीकाठी. घरी केळी, ऊस, भाऊ नोकरीला. पंधरा दिवसांनी घरी जायच्या आणि येताना आई पिशवी भरून द्यायची. मेथीचे लाडू, शेव, कधी खापरावरचे मांडे. पिशवी रिकामी व्हायची ती आमच्या खोल्यांमध्ये. मोबाईलवर बघाल तर नुसते स्वयंपाकाचे व्हिडिओ. जेवणाच्या सुट्टीत त्या शेडच्या सावलीला बसून ते बघत, आवाज बंद करून.

आता आमचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या शेडमधल्या कोंबड्या खाण्याच्या नव्हत्या. यांच्या अंड्यांतून पिल्लं काढतात, ती पुढे दुसरीकडे वाढवतात. या आईकोंबड्यांना पोटभर दाणा देत नाहीत. दिला तर अंगाने फुगतात, अंडी नीट देत नाहीत, उन्हाळ्यात पटापट मरतात. म्हणून वयात येईपर्यंत एक दिवस दाणा, एक दिवस फक्त पाणी. दर मंगळवारी थोड्या पकडून वजन करायचं आणि तक्त्याशी जुळवायचं. तक्त्यात एक लाल रेघ छापलेली असते, वजन किती असावं त्याची. आपण निळ्या पेनने खरं वजन भरायचं. निळी रेघ लाल रेघेवर राहिली की काम चोख.

हे सगळं मला ताईंनी शिकवलं. रजिस्टरमध्ये तापमान, मेलेल्या कोंबड्या, दाण्याचे ग्रॅम, सगळं. माझं अक्षर बघून म्हणाल्या, "तुन्हं अक्षर मॅनेजरपेक्षा बरं शे. त्याले सांगू नको." शाळा सुटल्यानंतर माझ्या अक्षराला बरं म्हणणारं पहिलं माणूस.

दाणा नसायचा त्या दिवशी शेडमध्ये शिरायला माझे पाय उचलत नसत. हजारो माना एकदम वर. रिकाम्या भांड्यात टकटक, टकटक. बुटाचे बंद चोचीने ओढायच्या. मी विचारलं होतं, "ताई, यांना सवय व्हते का?"

"व्हस," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "नही व्हत."

गेटवर वॉचमन काका होते, इथल्याच पाड्यावरचे. सगळ्यांची चेष्टा करायचे. एकदा त्यांनी ताईंचा भरलेला डबा आमच्याकडे येताना पाहिला आणि ओरडले, "मॅडम, तुमच्यापेक्षा ह्या कोंबड्या बऱ्या! एक दिवसाआड तरी खातात!" आम्ही सगळे हसलो. सगळ्यात जास्त ताई हसल्या.

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी तेच धरलं. ज्या दिवशी शेडला दाणा नाही, त्या दिवशी त्यांनाही नाही.

कारण तुम्ही ओळखलं असेल. अशा मुली तुम्हीही पाहिल्या असतील. ताई अंगाने भरलेल्या होत्या, एवढंच. चालायच्या झपझप, दाण्याची गोणी एकट्या उचलायच्या. पण चार-पाच ठिकाणांहून नकार आले होते, आणि प्रत्येक वेळी निरोप एकच. शेवटी सुरतचं स्थळ आलं. मुलाचा साड्यांचा धंदा. मुलाची आई चहा पिऊन झाल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली होती, "पोरगी चांगली शे. लगीनपावत जराशी उतराले पाह्यजे." आणि किती उतरायला पाहिजे तो आकडाही सांगून गेली.

ताई हे सांगताना बाईची नक्कल करायच्या, बशीतून चहा ओढण्याच्या आवाजासकट. आम्ही पोट धरून हसायचो.

त्यांच्या खोलीत भिंतीवर आमचा तक्ता चिकटवलेला होता. कोंबड्यांच्याच तक्त्याचा न भरलेला कागद, छापील रेघेसकट वरचं खोडून आपला केलेला. लाल रेघ त्यांनी स्वतः आखली होती, लग्नापर्यंत हळूहळू खाली उतरत जाणारी. मंगळवारी शेडचं वजन झालं की त्या मला गोडाऊनमध्ये घेऊन जात. गोण्यांच्या काट्यावर उभ्या राहत, आकड्यांकडे पाठ करून, तोंड भिंतीकडे.

"बोल. कितलं?"

मी आकडा वाचायचे. कमी असला तरी त्या खूश होत नसत. फक्त श्वास सोडत. जास्त असला की दिवसभर कुणाशी बोलत नसत. एकदा पावशेर वाढलं होतं, तर मला म्हणाल्या, "नीट वाच. सातवीपावतच शिकेल शे ना तू." असं त्या कधी बोलायच्या नाहीत. नंतर येऊन माझ्या ओंजळीत दोन लाडू ठेवून गेल्या, मान खाली घालून.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरी जाऊन आल्या, तर आल्या आल्या चारी शेडना चकरा मारत सुटल्या. वर ऊन नुसतं भाजत होतं. मी मागे मागे पळत विचारलं, काय झालं. म्हणाल्या, "आई वाढत गयी, मी खात गयी. माले समजनं बी नही वं." आणि रडल्या. मांडे खाल्ले म्हणून! माझ्या गावी माणसं मिळालं नाही म्हणून रडलेली मी पाहिली होती. खाल्लं म्हणून रडणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. मी म्हटलं, "सणाचं मोजत न्हाईत ताई." त्या म्हणाल्या, "काटा मोजस."

पावसाळ्यात त्या स्वेटर घालू लागल्या. केस गळायचे, शेडच्या टोपीत गोळा व्हायचे. ऐकलेलं विसरायच्या. साखरपुड्याची अंगठी बोटात फिरायला लागली तेव्हा तिला दोरा गुंडाळला. घरून फोन यायचा तो कौतुकाचा. "आते कशी दिसस!" म्हणायची आई. कुणीच काही चुकीचं करत नव्हतं, असं वाटायचं. मी पण नाही. मी आपली आकडा वाचत होते.

त्या दिवशी शेडला दाणा नव्हता. सकाळी कोंबड्या बघताना ताई एकदम गोणीवर बसल्या. तोंड पांढरं फटक. मी धावत माझी भाकरी आणली, तुकडा मोडून तोंडाजवळ नेला. म्हटलं, "ताई, एवढा एक घास. माझ्या गळ्याची आण."

त्यांनी तळहात पोटावर ठेवला. "मन्हं जेवण व्हई गयं."

"कवा झालं? सांगा ना कवा झालं!" मी ओरडलेच. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला आणि पाणी प्यायला ऑफिसकडे गेल्या.

मी तो तुकडा हातात घेऊन उभी होते. समोर जाळीपलीकडे त्या हजारो माना. टकटक, टकटक. मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. त्यांना खाऊ घालता आलं नाही, म्हणून असेल. मी दाण्याचं एक घमेलं भरलं, शेवटच्या कप्प्यात शिरले आणि कोपऱ्यात ओतलं.

दाणा द्यायचा तर सगळ्या भांड्यांत एकदम द्यायचा असतो. हे मला शिकवलेलं होतं. एका जागी ओतला तर काय होतं, तेही शिकवलेलं होतं.

पांढरी लाट आली आणि त्या कोपऱ्यात उभी राहिली. मी उपसत होते, मागे फेकत होते, त्या परत येत होत्या. ताई कुठूनशा धावत आल्या, दोघींनी उपसलं. खालच्या तेवीस गुदमरून मेल्या होत्या. अजून गरम होत्या.

आता काढून टाकणार, नवऱ्यालाही काढणार, परत कोणत्या तोंडाने जायचं, हेच डोक्यात. ताई गुडघ्यावर बसल्या होत्या. एक कोंबडी उचलून त्यांनी तिची चोच बोटाने उघडली आणि मला विचारलं, "त्यास्नी खादं का तरी?"

मी म्हटलं, "माहीत न्हाई."

मग त्या उठल्या. "तू काहीच बोलू नको. मी सांगसू."

मॅनेजरला त्यांनी सांगितलं की वार चुकला, दाणा त्यांनीच टाकायला लावला. आधी दोनदा त्यांच्या हातून तापमान भरायचं राहिलं होतं, ते पण निघालं. मॅनेजर म्हणाला, तब्येत सांभाळा, घरी जा. वाईट बोलला नाही. पण घरी जा म्हणाला. मी दाराबाहेर उभी होते. आत जाऊन दोन शब्द बोलायचे होते. नाही बोलले.

घरी सगळ्यांना आनंदच झाला. नोकरी सुटली तर तारीख लवकर धरता येते.

जायच्या दिवशी त्या मला काट्यावर घेऊन गेल्या. तोंड भिंतीकडे. "बोल."

मी वाचला. त्या बाईने सांगितलेला आकडा आला होता. बरोब्बर तोच. मला वाटलं, आता वळतील, हसतील, आता मी भाकरी टाकते, दोघी बसून खाऊ. त्या काट्यावरून उतरल्या आणि म्हणाल्या, "आखो दोन किलो उतरी गयात ते बरं. लगीनमा खानं पडस."

मी तीन भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ फडक्यात बांधून दिलं. प्रवासात खा म्हटलं. त्यांनी ते छातीशी धरलं. गाडी गेली. मी गेटवर गेले तर काका स्टुलावर बसून माझंच फडकं सोडत होते.

"मॅडमने दिलं," म्हणाले. "त्यांचं जेवण झालंय म्हणे." आणि मग पहिल्यांदाच काका काही चेष्टा न करता माझ्याकडे बघत राहिले. फडकं परत बांधून त्यांनी माझ्या हातात दिलं.

लग्नाला जाता आलं नाही. फोटो आला होता मोबाईलवर. नवरा घास भरवतोय, सगळे हसतायत, आणि ताईंनी तळहात तोंडासमोर धरलाय, लाजल्यासारखा. बघणाऱ्याला लाजणंच वाटेल. नंतर दोनदा फोन झाला. एकदा म्हणाल्या, सासू आता म्हणते, सून अगदीच काडी, कामाला उरली नाही, दोन वेळा नीट खायला काय होतं हिला. सांगताना तीच नक्कल, तोच बशीचा आवाज. मी हसले नाही. विचारलं, "ताई, आज जेवलात का?"

पलीकडून तेच आलं. तेच चार शब्द.

त्यानंतर फोन बंदच लागतो. त्यांच्या भावाला विचारलं, तर "बरी शे, बरी शे, जराशी दवाखानामा ऱ्हास," एवढंच म्हणाला आणि घाईत ठेवला.

त्यांच्या खोलीत आता आम्ही राहतो. तक्ता भिंतीवरच आहे, मी काढला नाही. निळी रेघ लाल रेघेच्या खूप खाली गेलीय, कागदाच्या कडेपर्यंत. पुढे भिंतीवरही एक ठिपका आहे.

शेडचं रजिस्टर मीच भरते. आज दाणा नव्हता.

ताई, तुम्ही मला इथे ठेवून घेतलंत आणि स्वतः गेलात. हे मी फेडणार आहे. कसं ते मला ठाऊक आहे, कधी ते माहीत नाही. सुरतेला येईन, दवाखान्यात असाल तर दवाखान्यात येईन. भरीत करून आणीन, मिरची जराशी धुरकट भाजून. तुम्ही पोटावर हात ठेवाल, जेवण झालं म्हणाल. म्हणा. मी ताट उचलणार नाही. समोर बसून राहीन, आणि एकही आकडा वाचणार नाही.