नवसाचं ताम्हण

देवाला वाहिलेली चांदी काळालाही पचत नाही. सिंगापूरच्या एका संग्रहालयात, बायझंटाईन काळातल्या चर्चच्या भांड्यांपुढे उभं राहिल्यावर मलाही हे क्षणभर पटलं. मग पाटी वाचली. लुटारूंच्या भीतीनं भांडी जमिनीत पुरली होती आणि पुरणारे परत आलेच नाहीत. देवाला जमलं नाही ते मातीनं केलं होतं.

आम्ही तिथे वेळ काढायला गेलो होतो. मूल व्हावं म्हणून केलेला तो शेवटचा प्रयत्न. यापुढे उपाय नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. दुपारी क्लिनिकचा फोन येणार होता आणि टॅम्पिनीस भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बायकोला बसवत नव्हतं.

प्रसादाचा पाव ठेवायचं मोठं तबक होतं, वाइनचा पेला होता, आपल्या पळीसारखी पळीही होती. तबकाच्या काठावर ग्रीक अक्षरं: अमक्यानं नवसाप्रीत्यर्थ दिलं. लग्नात वाटी दिली तरी तिच्यावर नाव घालणाऱ्या आपल्या लोकांना यात परकं काही वाटू नये.

"आपलं ताम्हण," बायको म्हणाली.

सासूबाईंनी देवीला चांदीचं ताम्हण बोललं होतं. नवस फेडायचा तो मूल झाल्यावर. पण ऐन वेळी धावपळ नको म्हणून त्यांनी ते आधीच घेतलं, वर काठावर कोरूनही आणलं: 'नातू झाल्याबद्दल देवीचरणी अर्पण'.

"अगं, सराफ अक्षरं फुकट घालून देत होता!" त्या लेकीला म्हणाल्या.

"आणि नात झाली तर?" मी विचारलं.

"तुम्ही आधी होऊ तर द्या, जावईबापू."

बाळाला घेऊन याल तेव्हा तुमच्याच हातानं वाहा, म्हणून त्यांनी ते आमच्या बॅगेत घातलं होतं.

फोन आला. बायको बाहेर जाऊन बोलून आली आणि तिनं नुसती नकारार्थी मान हलवली.

"घरी जाऊ या?"

"थांब." ती पुन्हा तबकापुढे उभी राहिली. "यांनी हे नवस पुरा झाल्यावर दिलं, की आधीच?"

"पाटीवर लिहिलेलं नाही."

"आधीच असणार. कुणाची तरी आई हौशी असणार."

मला हसता आलं नाही. तिलाही.

ताम्हण देवीला देता येईना, मोडीत घालवेना. सासूबाईंनी पुन्हा कधी त्याचा विषय काढला नाही. ते आमच्या दाराजवळच्या कपाटावर आहे. एमआरटी मेट्रोची कार्डं त्यात बरोबर मावतात.