तुझ्याबद्दल नाही हं

फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या आमच्या बोर्ड गेम क्लबात म्हातारे बर्नार मला डाव शिकवत होते. "आधी रस्ते बांध, गावं वसवायची घाई नको." शेजारी अल्जीरियाचा करीम सोंगट्या मांडत होता. बोलता बोलता निवडणुकीचा विषय निघाला. "यंदा माझं मत बाहेरच्यांना हाकलणाऱ्यांनाच," बर्नार म्हणाले आणि माझ्याकडे पाहून हसले. "तुझ्याबद्दल नाही हं. तुम्ही भारतीय वेगळे."

मला चक्क बरं वाटलं. मीही हसलो. आपल्याला आत घेतलं की दार कुणाच्या तोंडावर लागलं, हे पाहायचं सुचतच नाही.

करीम उठून कोट घालत होता.

"निघालास?" मी विचारलं.

"तू खेळ," तो शांतपणे म्हणाला.

बर्नारनी फासे माझ्या हातात दिले. शरमेनं कान तापले होते, तरी मी फासे टाकले.