नेडीनच्या बंदुकीतला गंधकाचा साचा

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत हरणांच्या शिकारीच्या पहिल्या सोमवारी शाळांनाही सुट्टी असते. आदल्या शनिवारी जो तो नेम तपासायला शिकारी क्लबच्या मैदानावर येतो, आणि निम्म्यांच्या खिशात बापजाद्यांची काडतुसं असतात. ती तपासायला लोवेल हार्टझेल असायचा. रेल्वेच्या कारखान्यात छत्तीस वर्षं लेथ चालवून निवृत्त झालेला, तिरसट, आणि काडतुसाच्या बाबतीत सख्ख्या भावावरही विश्वास न ठेवणारा.

"खोक्यावर काय लिहिलंय ते सांगू नका," तो खेकसायचा. "खोक्यात लोक बटणंसुद्धा ठेवतात. बूड दाखवा."

बुडावर कारखान्याची खूण आणि साल. ते वाचून तो भिंगाने मान बघायचा. बारीक चीर किंवा बुडातल्या ठिणगीच्या टोपीभोवती हिरवा थर दिसला की काडतूस बाद. मग उरलेल्यांपैकी एकाची गोळी उपसून दारू हुंगायची. आंबूस वास आला तर अख्खं खोकं गेलं.

"अरे, आजोबांची आहेत ती!" एकाने कुरकुर केली.

"मग आजोबांनाच उडवू दे. डोळे तुझे आहेत."

चौऱ्याऐंशी साली नेडीन आली. शाळेची बस चालवणारी, चाळिशीची, दणकट बाई. तिचा बाप एमेट, लोवेलचा जिवाभावाचा मित्र, त्या वसंतात गेला होता. त्याने दुसऱ्या महायुद्धातून आणलेली जपानी रायफल वीस वर्षं भिंतीवर टांगलेली होती. सोबत नेडीनने जुन्या बाजारातून जपानी काडतुसं शोधून आणली होती.

"काका, सोमवारी बाबांच्या जागेवर बाबांचीच बंदूक घेऊन बसणार. दुसरी नको."

काडतुसं चोख निघाली. "बार झाल्यावर नळी गरम पाण्याने धुवायची," लोवेलने बजावलं, "जुन्या टोप्या गंज धरवतात." पण भिंतीवरून उतरवलेली बंदूक तो तशी सोडत नसे. त्याने नळीत चिंधीचा बोळा कोंबला आणि काडतूस बसतं त्या कोठीत वितळलेलं गंधक ओतलं. निवल्यावर पिवळा साचा अलगद बाहेर आला. त्याने तो मापला, मग काडतूस मापलं, मग पुन्हा साचा.

कोठी काडतुसापेक्षा जवळजवळ सूतभर जास्त खोल होती, कुणीतरी कापून वाढवलेली. काडतूस आत पुढे सरकलं असतं, बार होताच पितळ फाटलं असतं आणि जळता वायू मागे, थेट नेडीनच्या तोंडावर आला असता.

"कुठल्या दीडशहाण्याने केलं हे?" नेडीन भडकली. "आणि नळीवर नव्या मापाचा आकडासुद्धा ठोकला नाही!"

लोवेलने साचा बाकावर ठेवला. एकावन्न साली जपानी काडतुसं मिळत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत, साहेबाची पाठ वळली की, तो मित्रांच्या बंदुकांची कोठी अमेरिकन लष्करी काडतुसापुरती वाढवून द्यायचा. खूण ठोकली नाही, कारण ज्याची बंदूक त्याला ठाऊक होतं. माणसं मरतात आणि बंदुका मागे राहतात हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता "कुणास ठाऊक" म्हटलं असतं तरी चाललं असतं. एमेट काही सांगायला येणार नव्हता.

"मीच," तो म्हणाला.

"तोंड फुटलं असतं ना माझं, काका."

"हो."

तो बाकावरून उठला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलला. अशा अकरा बंदुका त्याने कापल्या होत्या. आठवतील ती नावं त्याने फळ्यावर लिहिली. लाज वाटत होती. कान लाल झाले होते. कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

नेडीन त्याच्याशी बोलत नव्हती, पण रविवारभर फळ्यावरच्या नावांना क्लबच्या फोनवरून फोन लावत तीच बसली. रात्रीपर्यंत दहा बंदुका सापडल्या. लोवेलने प्रत्येक नळीवर खरा आकडा ठोकला. सोमवारी नेडीन बापाच्या जागेवर बसली, त्याचीच बंदूक आणि अमेरिकन काडतुसं घेऊन.

अकराव्या बंदुकीचा मालक वारला होता. पोराने ती अंगणात मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीत कुणा परक्याला देऊन टाकली होती. लोवेलने तीन जिल्ह्यांच्या वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, दरवर्षी दिली. उत्तर आलं नाही. त्यानंतर आठ वर्षं जगला, पण शिकारीला गेला नाही. पहिल्या सोमवारी पहाटे फोनजवळ बसायचा. डोंगरात बार झाला की कॉफी खाली ठेवून फोनकडे बघायचा.