एकेचाळीस किलो

आमच्या तेकित गावात घरोघरी ग्वायाबेरा सदरे शिवतात. त्यांच्या छातीवरच्या बारीक चुण्या निदेल्विया चानइतक्या सरळ कुणालाच जमत नसत. पण गावात चर्चा व्हायची ती तिच्या वजनाची. एकशे तीस किलो. मी समोरच राहते, मीही बोलायची.

पन्नाशीला तिचे तळपाय बधिर झाले. मशीनचं पेडल पायाखाली आहे की नाही, ते वाकून बघावं लागे. जीभ सोलल्यासारखी लाल झाली. मक्याची कोमट पेजही झोंबायची. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने चार खेपांत एकदाही तिला तोंड उघडायला सांगितलं नाही.

"वजन उतरवा, बाई. एवढा भार म्हटल्यावर पाय कुरकुरणारच."

"पण डॉक्टर, जीभ..."

"तिलाच लगाम घाला म्हणतोय."

बाकावरच्या बायका हसल्या. मीही हसले.

घरी नणंदेने, मिनेलियाने, मनावरच घेतलं. अंडी, मांस कपाटात कुलूपबंद. वहिनीला दोन्ही वेळा कोबीचं पाणी आणि एक भाकरी. निदेल्वियाने अंडं मागितलं की म्हणायची, "अंगावर वर्षाची बेगमी आहे वहिनी, ती संपव आधी." नवरा विल्बेर्त समोरच डुकराचं मटण खात असे. तो ताटातून मान वर काढत नसे.

वर्षभरात एकेचाळीस किलो उतरले. लोक मिनेलियाला रस्त्यात थांबवून शाबासकी देत. इकडे निदेल्विया भिंत धरून चालू लागली. बोटंही बधिर होऊन चुण्या वाकड्या येऊ लागल्या, तेव्हा ठेकेदाराने सदऱ्यांचा गठ्ठा परत पाठवला. एका रविवारी ती चर्चच्या पायरीवर कोसळली. मागून कुणीतरी म्हणालं, "ऊठ गं, आता तर हलकी झालीस."

मग मात्र मी तिला शहरात, मेरिदाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मिनेलियाही आली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी जीभ बघितली, मग रक्त तपासलं. बी-बारा जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच.

"एवढ्या जाड बाईला कसली आलीय कमतरता?" मिनेलिया म्हणाली.

"चरबीत हे साठत नाही. हिच्या पोटात ते आधीपासूनच मुरत नव्हतं. त्यात तुम्ही अंडी-मांसही तोडलंत."

"आता भरून येईल ना?"

"जीभ येईल. पायांसाठी दोन वर्षांपूर्वी यायला हवं होतं."

इंजेक्शनांनी जीभ महिन्यात बरी झाली, बोटंही वळू लागली. पाय गेले ते गेलेच. ती चाकांच्या खुर्चीत बसली.

त्याच वर्षी आरोग्य केंद्राने चौकात वजन घटवणाऱ्यांचा सत्कार केला. पहिलं बक्षीस निदेल्वियाला. त्याच डॉक्टरने आकडा वाचला, टाळ्या पडल्या, आणि त्याने तिच्या मांडीवर खोका ठेवला. आत चालायचे पांढरे बूट.

तिने मिनेलियाला जवळ बोलावलं. "तुझ्या मापाचे आहेत. घाल."

"इथे, सगळ्यांसमोर?"

"घाल."

मिनेलिया पायरीवर बसली, नाड्या बांधल्या.

"आता चालून दाखव."

ती चौकाला फेरी मारून आली. लोकांना आता हसू येत नव्हतं. निदेल्वियाने तिच्या पायांवरून नजर हलवली नाही.

"आणखी एक," ती म्हणाली.