बॅग भरल्यावर भाकरी

दप्तरमामा कधी कशाला टेकून बसत नसत, कारण त्यांच्या पाठीवर बॅग असायची. दोन पट्ट्यांची, विटकरी रंगाची. मूळची लाल असावी. ती पाठीला लावून ते सकाळी निघाले की छावणीतली पोरं ओरडत, "मामा, शाळा सुटली का भरली?" त्यावरूनच त्यांना दप्तरमामा नाव पडलं. दुपारच्या झळांत ते कडब्याच्या गंजींमधून चालत गेले की त्यांचे पाय त्या थरथरत्या हवेत विरघळून जात आणि नुसती बॅगच तरंगत चाललीय असं वाटे. अजूनही ते मला तसेच दिसतात, पाय नसलेले, सावकाश जाणारे.

त्या दुष्काळात शिरूर कासारच्या बाजूला आमच्या दूध संघानं चारा छावणी उघडली होती. जनावरांबरोबर माणसंही तिथंच राहत. त्यांच्या औषधपाण्यासाठी पत्र्याची एक खोली होती आणि तिथं मामा आणि मी, असे आम्ही दोघं होतो. मी नुकतीच नर्सिंगची पदवी घेऊन आले होते. माझे आईवडील आष्टीकडचे, दर हंगामाला ऊस तोडायला जाणारे. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला. मामांनी सहकारी साखर कारखान्याच्या अँब्युलन्सवर उभी हयात घालवलेली. ऊसच उरला नाही, धुराडं थंड झालं, तेव्हा ते बॅगेसह छावणीवर आले. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बीएस्सी झालीस, लई चांगलं झालं. आता बॅग शिक."

बॅग शिकायची म्हणजे काय, ते मला दुपारी कळलं. टँकर येऊन गेला की छावणी पेंगायची. जनावरं रवंथ करत, माणसं पालांखाली आडवी होत आणि सगळीकडे एक पिवळी, जड शांतता पसरे. त्या वेळी मामा लिंबाखाली डोळे मिटून बसत आणि बॅग मांडीवर घेत. बाहेरच्या खिशात हातमोजे. उजवीकडे रक्ताचं सामान, म्हणजे जाड पट्ट्या, दाबपट्टी, कात्री. डावीकडे श्वासाचं. तळाशी उन्हाचं, म्हणजे साखर-मिठाची पाकिटं आणि थर्मामीटर. बोटं एकेका खिशात शिरत, वस्तूला ओळखत आणि बाहेर येत. कुणी चेष्टा करी, "मामा, जप चाललाय व्हय?"

"व्हय रं. देव पावला न्हाई तर ही पावंल."

बॅग जमिनीवर ठेवायची नाही, हा त्यांचा दुसरा नेम. खाली शेण, मूत, गोचिडं. "खालची घाण बॅगेला, बॅगेची हाताला, हाताची जखमंला," असं म्हणून ते ती बाभळीच्या खुंटीला अडकवत. पत्र्याच्या खोलीत चिकटपट्टी पाघळते म्हणून भर उन्हात बॅग सावलीत, ओल्या गोणपाटाच्या आडोशाला राही. रक्त लागलं की सगळी रिकामी करून साबणानं धूत. पाणी माणशी मोजून मिळायचं. मामा आपल्या आंघोळीचं पाणी बॅगेला देत आणि स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसत.

दर सोमवारी औषधांच्या तारखा बघायच्या. मामांना इंग्रजी अक्षरं लागत नसत. बाटली माझ्यापुढं धरून ते विचारत, "हे कधी मरतंय बघ." मरायला टेकलेल्या औषधाला ते लाल दोरा बांधत, म्हणजे ते आधी वापरलं जाई.

आणि सगळ्यांत मोठा नेम जेवणाचा. बॅगेतून काही काढलं, की ते परत भरल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. साठ्याच्या औषधांची पेटी दहा पावलांवर, तिचं कुलूप गंजलेलं, भूक लागलेली. तरी आधी बॅग. मला वाटायचं, हा म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे.

एके दिवशी मामा पलीकडच्या रांगेत तापाचा माणूस बघायला गेले होते. बॅग खुंटीला होती. तेवढ्यासाठी ते फक्त थर्मामीटर खिशात घालून गेलेले. गयाबाई नावाची एक म्हातारी धावत आली. तिच्या बैलाचं शिंग दाव्यात अडकून मोडलं होतं, रक्त गळत होतं. जनावरांचा डॉक्टर दुसऱ्या दिवशी येणार होता. "बाई, माझं लेकरू हाय गं ते," असं म्हणून ती माझ्या पायाशी बसली. ज्या घरात मी वाढले, तिथं बैलाला आधी पाणी पाजून मग माणसं पीत. मी उजवा खिसा उघडला, दाबपट्टी आणि जाड पट्ट्या घेतल्या आणि बैलाचं शिंग बांधलं. बैलानं माझा हात चाटला. मी इतकी खूश झाले की परत येऊन तशीच जेवायला बसले.

शेवटचा घास तोंडात होता तेव्हा कडबाकुट्टीच्या यंत्राकडून किंकाळी आली. तिथं चारा घालणाऱ्या सुमनताईंचा उजवा हात पात्यात गेला होता. मामा कुठून तरी धावत आले, जाताजाता बॅग ओढून घेतली, गुडघे टेकले आणि डोळे जखमेवर ठेवून हात उजव्या खिशात घातला. खिसा रिकामा होता. त्यांची बोटं आत तीनदा फिरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फक्त एकदा.

"ओढणी दे."

मी दिली. तिची घडी करून त्यांनी जखमेवर दाबली आणि हात उंच धरला. "ताई, माज्याकडं बघा. नाव काय लेकीचं?" असं बोलत बोलत आम्ही संघाच्या जीपनं बीड गाठलं. सुमनताई वाचल्या. दोन बोटं मात्र पुढं वाकेनात. डॉक्टर म्हणाले, शीर यंत्रानंच तुटली होती, पट्टीनं फरक पडला नसता. मला ते खरं वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर मी रडत सगळं सांगितलं. मामांनी बाहेरच्या कोरड्या रानांकडे बघतच ऐकलं. मग म्हणाले, "बैलाला दिलंस ते पुण्य हाय. जागा रिकामी ठिवलीस ते पाप. दोन्ही तुजंच."

"मग आता मी काय करू?"

"मला कावून इचारती? हात काय माजा हाय का? जिचा हाय तिला सांग."

चार दिवसांनी ते मला दवाखान्यात घेऊन गेले. वॉर्डाच्या दाराशी थांबले, आत आले नाहीत. मी सुमनताईंना सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. नोकरी जाईल, शिकलेली म्हणून गावात छी-थू होईल, हे सगळं मनात होतं. त्या छताकडे बघत ऐकत होत्या. म्हणाल्या, "या हातानं मी भाकरी थापायची गं." मग मान वळवून विचारलं, "बैल जगला का?"

"जगला."

"बरं झालं. गयाबाईला दुसरं कोण हाय?" मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. डाव्या हातानं पदर सारखा करून त्यांनी मला जवळ बसायला जागा दिली.

मी बाहेर आले तेव्हा मामा दाराकडे पाठ करून उभे होते. काय झालं, त्यांनी विचारलं नाही. कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला, एवढंच.

पुढच्या वर्षी छावणी उठली. मामा गावी गेले, आणि दोन उन्हाळ्यांनी ते वारल्याचं कळलं. मी आता अँब्युलन्सवरच्या मुलामुलींना शिकवते. कुणाची चूक झाली, की मी त्यांना त्या रुग्णाकडे घेऊन जाते. परवाही गेले होते. ती मुलगी दाराशी थबकली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण चला ना आत."

"नाही," मी म्हटलं, आणि दाराकडे पाठ करून उभी राहिले.