टुरिंग टॉकीजमधला भुंगा

पडद्यावर हिरॉईन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडून राह्यली होती आन् तंबूतले लोक हसून राह्यले होते. कारण तिच्या रडण्यामागं घुंऽऽ असा एकसारखा आवाज चालू होता. कोणीतरी ओरडलं, "बाई, आधी माशी हाकल!"

एकोणीसशे पन्नास सालानंतरची ही गोष्ट, हिंगणघाटच्या टुरिंग टॉकीजमधली. मी तिथला साउंडवाला. शाळा दुसरीपर्यंत, पण काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर डोळे मिटून खोलत होतो. आमच्याकडं फिल्मा यायच्या त्या गावोगाव फिरून घासलेल्या. डायलॉगवर सारखी सुरसुर, पाणी उकळल्यासारखी. ती काढायला मी स्वतः फिल्टर बनवला. फिल्टर म्हणजे आवाजाची चाळणी. एक कॉइल, म्हणजे तारेचं गुंडाळं, आन् दोन कंडेन्सर. सुरसुर बारीक आवाजाची, ती अडकते. माणसाचा आवाज पुढं जातो. कॉइलच्या पोटात लोखंड लागते. कापसाच्या जिनात रुईच्या गाठी बांधायची लोखंडी पट्टी असते, तिचे तुकडे घातले. सारं एका लाकडी पेटीत बसवलं.

सुरसुर गेली. भुंगा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक, नामदेवशेठ, केबिनमध्ये आले.

"आधी साप फुसकारत होता, आता भुंगा. पुढं काय, वाघ आणतं काय बे?"

"भुंगा काढतो, शेठ."

"तुही पेटीच काढून टाक ना."

"नाई काढत. सुरसुरीत लोकाइले डायलॉग समजत नाई."

"मंग आयक. बाजाराच्या दिवशी लोक असेच हसले, तर मशीन विकून टाकतो. कारंज्याची पार्टी तयार हाय. तू बी मोकळा, उस्मान बी मोकळा."

उस्मानभाई फिल्म दाखवायची मशीन चालवायचे. घरी लेकरं लहान होती. ते बाजूला लेन्स पुसत राहिले.

दुपारी रिकाम्या तंबूत मी पेटी आडवी केली, मागचं फळकूट उघडलं, अर्थिंगची तार नवी लावली. मशीन चालू केली. भुंगा गायब. संध्याकाळी खेळ सुरू झाला आन् पुन्हा घुंऽऽ. पुढच्या दुपारी पेटी पुन्हा आडवी करून कंडेन्सर बदलले. गायब. संध्याकाळी पुन्हा हजर.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पार्ट बिघडला असता तर दुपारीही बोंबलला असता. दुपार आन् संध्याकाळच्या मधात कायतरी होऊन राह्यलं होतं.

बाजाराच्या दिवशी दुपारचं काम झाल्यावर मी केबिनमधून हललोच नाही. खेळाच्या आधी उस्मानभाई आले. अगरबत्ती लावली, शेठची तशी सक्त ताकीद. मग माझी पेटी उचलून उभी केली.

"हे काऊन केलं, उस्मानभाई?"

"शेठने इसकू कुंकू लावलं ना. आडवी ठेवली का कुंकू खाली दबते. शेठ मेरेकूच बोलते."

मी मशीन चालू करायला लावली आन् पेटी हळूहळू कलवली. भुंगा बारीक झाला. आडवी केली, भुंगा मेला. उभी केली, जिता झाला. बाजूलाच अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर. तो भोवती चुंबकाची ओढ फेकतो. कॉइल त्याच्या रेषेत आली की ती ओढ पकडते आन् घुमते. आडवी फिरवली की सोडून देते.

शेठला म्हटलं, "पेटी आडवीच राहू द्या."

"लक्ष्मीले तोंडावर पाडून धंदा करू? उभीच राहीन."

बाहेर तिकिटाला लाइन लागलेली. शेठ हट्टी होते, मी त्यांच्याहून हट्टी; पण उस्मानभाई माझ्याकडं पाहत होते. मी पेटी खोलली, आतल्या कॉइलचे स्क्रू काढले, कॉइल तेवढी आडवी फिरवून स्क्रू पुन्हा कसले. पेटी उभी, कुंकू समोर.

त्या दिवशी रडायच्या सीनला बायकांच्या बाजूनं नाकं ओढल्याचं ऐकू आलं. कोणी हसलं नाही. मशीन कारंज्याला गेली नाही.

इंटरव्हलला शेठ म्हणाले, "पाह्यलं? पेटी उभी ठेवली म्हनून भुंगा गेला."

मी तोंड उघडलं, तर उस्मानभाईंनी माझा पाय दाबला.

पुढं एक नागपूरचा मेकॅनिक म्हणे, कॉइल मी सुरुवातीपासूनच चुकीच्या दिशेनं बसवली होती. दुपारी आडव्या पेटीत तर बरोबर चालत होती, असं मी त्याला सांगितलं. पण तेव्हापासून कोणतीही मशीन दुरुस्त केली की मी ती चालवणाऱ्याच्या हाती देतो, रोज करता तसं करा म्हणतो, आन् बाजूला बसून पाहतो.